पळसदरीचा पाय आणि तुमची सैल बाही

अहो, पळसदरीचा पाय सुजला. तुम्ही गेल्यावर घरातली पहिली बातमी ही, आणि ती सांगायला मी खुराड्यापासून तडक पडवीत आले. तुमच्या खुर्चीवर मंकी हिल बसली होती. मग तिलाच सांगितलं. तिने मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची घाण केली. तुम्ही निदान ‘कुटला पाय?’ एवढं तरी विचारलं असतं.

कोंबड्यांना घाटातल्या स्टेशनांची नावं ठेवणारा माणूस अख्ख्या कुसगावात तुम्हीच. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल आणि कोंबडा नागनाथ. लोक रेल्वेतून रिटायर झाले की गुडघ्यांची तक्रार करत बसतात, तुम्ही खुराडं बांधलंत. एवढी वर्षं बँकर चालवला, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर देणारं इंजिन. ‘जिंदगीभर मागनं ढकाललं मी, मालन, पुढं कदी गेलो न्हाई,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही माझ्या मागे उभे आहात. मग याच एका बाबतीत एवढी घाई का केलीत? इथे बरं पुढे गेलात. मला राग आहे तो याचा, आणि तो एवढ्यात जायचा नाही.

तर पाय. डावा. तळव्याला गाठ आली होती आणि मधोमध काळी खपली. पावसाळा ओसरत आला तरी आपलं अंगण अजून चिकचिकीत आहे, त्यात पळसदरीला दगडावरून उड्या मारायची हौस. पाय उचलून एका पायावर उभी राहायची आणि जवळ गेलं की टोचायची. दुखणाऱ्या माणसाने जरा गरिबीने वागावं, हे तिला तुम्ही शिकवलंच नाही.

आता तुम्ही असतात तर काय झालं असतं ते मला पाठ आहे. डोक्यावर ती जुनी टोपी चढली असती. पायरीवर बसून कोंबडी मांडीवर घेतली असतीत आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडला असतात, ‘डावा पाय!’ मग मी औषध घेऊन बोट दाखवत ओरडायचं, ‘डावा पाय!’ मी परत बोलले नाही तर तुम्ही कोंबडीचा पाय माझ्याकडे करणारच नाही. कोंबडी फडफडायला लागली की ‘पिवळा!’, मी हात आवरून ‘पिवळा!’. फारच बिघडलं तर ‘लाल!’. आणि सगळं झालं, की तिला जमिनीवर ठेवायच्या आधी ‘हिरवा!’. मी ‘हिरवा!’ म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही, मग ती तुमच्या मनगटाचं सालपट काढत का असेना.

‘अहो, कोंबडी आहे ती, मालगाडी नाही,’ मी किती वेळा म्हटलं असेल.

‘इंजिनात येकटा माणूस चालत न्हाई, मालन. शिग्नल दिसला की येकानं बोलायचं, दुसऱ्यानं परत बोलायचं. डोळ्याला दिसलं त्येच डोस्क्यात ग्येलं, ह्याची ग्यारंटी काय?’

शेजारच्या बंगल्यात पुण्यामुंबईची मंडळी शनिवार-रविवार राहायला येतात, त्यातलं एक जोडपं एकदा कुंपणापाशी येऊन विचारत होतं, की हा इकडचा काही विधी आहे का. तुम्ही टोपी सारखी करून ‘व्हय’ म्हणालात. त्यांनी व्हिडिओ काढला. मला घरात तोंड लपवायला जागा उरली नाही आणि तुम्ही दिवसभर खूश.

शेवंतामावशींचं तर ठरलेलं होतं. आपल्या अंगणाची आणि त्यांच्या परसाची भिंत एकच. आपण सुरू झालो की भिंतीपलीकडून आवाज यायचा, ‘आली का गं तुमची गाडी?’ मावशी सत्तरीच्या पुढच्या, भातखाचरात अजून उतरतात आणि कोंबडी एका हाताने धरतात. त्यांचं म्हणणं, ‘कोंबडीला दोन माणसं कशापायी? पाय धरून उलटी टांगायची, गप पडती.’ मीही त्यांची बाजू घ्यायचे. म्हणायचे, मावशी एकट्या करतात, मीही करून दाखवीन, तुमच्या सिग्नलची काही गरज नाही.

‘करून दाव,’ तुम्ही म्हणायचात.

‘दाखवीन.’

आपला वाद तिथेच राहिला. तुम्ही घरात असताना मी करून दाखवायची वेळच आली नाही, कारण कोंबडी शिंकली तरी तुम्ही आधी टोपी घालून तयार.

दवाखान्यातही तुम्ही तेच केलंत. तुम्हाला स्ट्रेचरवरून आत नेत होते आणि मी खिडकीपाशी नाव, वय, पत्ता सांगत होते. तुम्ही चादरीतून हात वर केलात, बोट दाखवलंत आणि एवढ्या माणसांत ओरडलात, ‘हिरवा!’ वॉर्डबॉय हसला. मी मागे वळले, पण खिडकीतला माणूस पिनकोड विचारत होता, आणि दार बंद झालं. ते उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. पांढऱ्या चादरी अंथरल्या, फोटोंना हार घातले. तुमचे धाकटे बंधू वसंतभावजी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, ‘वैनी, ती काळी कोंबडी लंगडी झालीया. तशीबी जानारच. त्यापरीस...’ मी हातातला झारा वर केला तेव्हा वाक्य संपलं. आपण काही शाकाहारी नाही, उगाच खोटं कशाला बोलू, पण ज्या कोंबडीला नाव दिलं तिचा रस्सा करायचा नाही, हा तुमचा नियम. तो मी तुमच्या माघारी मोडू?

मग वंदना सुरू झाली. बौद्धाचार्यांनी पंचशील घ्यायला लावलं. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, आणि नेमकी त्याच वेळी पळसदरी दारातून आत आली. लंगडत लंगडत पांढऱ्या चादरीवरून, बायकांच्या मधून वाट काढत, थेट वसंतभावजींसमोर जाऊन एका पायावर उभी राहिली. सगळ्यांचे हात जोडलेले, हाकलणार कोण? भावजींनी पहिलं शील तिच्या तोंडाकडे बघत घेतलं. माझ्या शेजारी सुजाता पदर तोंडाला लावून गदगदत होती. लोकांना वाटलं, लेक बापासाठी रडतेय. खरं सांगू? दोन्ही होतं.

पण संध्याकाळी माणसं पांगल्यावर तीच सुजाता माझ्यासमोर येऊन बसली. तुमची लेक ती, तिचंही इंजिन एकदा सुरू झालं की थांबत नाही. ‘आई, तू पिंपरीला चल. इथे एकटी कशी राहणार?’

‘राहीन की.’

‘राहशील? त्या कोंबडीला औषध लावायला तुला आजवर बाबा लागले. उद्या तुझाच पाय घसरला तर? कोंबड्या मावशींना देऊन टाक आणि चल.’

मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, तेच तर वाईट वाटलं. तिच्या घरात मला काही कमी नाही. पण तिथे सहाव्या मजल्यावर सकाळी उठून मी करू काय? इथे उठलं की निदान शिव्या द्यायला चार कोंबड्या आहेत. मी म्हणाले, ‘पळसदरीचा पाय मी एकटी बरा करते. पुढच्या खेपेला येशील तेव्हा बघ. झाला तर मी इथेच राहणार. नाही झाला तर तुझ्या गाडीत बसते.’ बोलून गेले खरी. तुम्ही नेहमी म्हणायचात तसं, मी आधी बोलते आणि मग विचार करते.

दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन कामाला लागले. टॉवेल टाकला, गुंडाळलं, मांडीवर घेतलं, मलम उचलायला एक हात काढला. तेवढ्यात एक पंख बाहेर. तो आत घालते तर दुसरा बाहेर. मग पळसदरी टॉवेलासकट न्हाणीघरात आणि मलमाची डबी चुलीमागे. मी दारातल्या चिखलात बसलेली. भिंतीपलीकडून आवाज आला, ‘काय गं, रुळावरनं उतरली व्हय?’

मावशी आल्या आणि त्यांनी तिला पाय धरून उलटी टांगली. खरंच गप पडली. पण मावशींनी धरली होती, मी लावत होते. ते दोघींचं झालं. मी म्हणाले, नको मावशी, मला एकटीला जमलं पाहिजे. मावशी कोंबडी माझ्या हातात देऊन गेल्या.

मग मी रिक्षा करून तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई लहानच आहेत, सुजातापेक्षाही. त्यांनी गाठ साफ केली आणि रोज कोमट पाण्यात पाय शेकून मलमपट्टी करायला सांगितली. म्हणाल्या, ‘उलटी टांगू नका, घशातलं श्वासनळीत जातं. आणि छाती अजिबात दाबू नका. छाती हलली तरच तिचा श्वास चालतो. पंख अंगाशी, डोळ्यांवर काहीतरी, आणि पाय तेवढा बाहेर. दोघं असलात की सोपं आहे. घरी कोण असतं?’

‘मी,’ मी म्हणाले. त्यांनी पुढचं नाव ऐकायला थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या उगाच कापसाचे बोळे मोजायला लागल्या.

घरी आल्यावर मी तिला काखेत घेतलं, तोंड मागे आणि पाय पुढे. या खेपेला सुटू द्यायची नाही म्हणून कोपराने घट्ट आवळली. पट्टी अर्धी बांधून झाली आणि वाटलं, अगं बाई, केवढी शहाणी झाली ही, हूं की चूं नाही. खाली बघते तर चोच उघडी आणि तुरा जांभळा. मी डॉक्टरीणबाईंचं ऐकून आले होते आणि घरी येऊन छातीच दाबली. तुम्ही असतात तर ‘लाल!’ ओरडला असतात. तुमचं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं आणि माझं पायाकडे. ते ओरडणं कशासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं.

हात सैल केला. ती काखेतून घसरली, पडली, थोडा वेळ तशीच राहिली. मग उठली, अंग झटकलं आणि मला टोचली. इतकं बरं वाटलं मला त्या टोचण्याने! तुम्ही गेल्यापासून माणसं येत होती, मी चहा टाकत होते, कोणाला साखर नको, कोणाला कमी, रडायला सवडच मिळाली नव्हती. त्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून कोंबडीपुढे पोटभर रडले. तिने पाठ फिरवली. तुम्हीही तेच करायचात, मी रडायला लागले की उठून खुराडं साफ करायला जायचात.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि हसायचं नाही.

सुजाताने तुमचे कपडे घड्या करून ठेवले होते, कोणाला तरी द्यायला. त्यात वर तो राखाडी स्वेटर. घाटातल्या गारठ्यासाठी मी विणला, तुम्ही पहिल्यांदा घातलात आणि हात वर करून म्हणालात, ‘मालन, ह्या उजव्या बाहीत येक कोंबडी मावंल.’ अख्ख्या कुसगावाचे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला! मी टेप आणून दोन्ही बाह्या तुमच्यासमोर मोजल्या. तरी येणाऱ्या पाहुण्याला तुम्ही हात वर करून दाखवणार, आणि मी टेप आणणार. किती थंड्या गेल्या आपल्या त्या बाहीवरून भांडण्यात.

मी स्वेटर उचलला. उजवी बाही बघितली. खुराड्याकडे बघितलं. मग कात्री घेतली.

सकाळी खुराडं उघडायच्या आधी, आत अंधार असतो तोवर कोंबड्या गरीब असतात. तेव्हाच पळसदरीला दोन्ही हातांनी पंखांवरून उचललं आणि बाहीच्या खांद्याकडच्या तोंडातून डोक्याने आत सारलं. मनगटाकडची वीण मी आधीच उसवून मोठी केली होती, तिथून तिचं डोकं बाहेर आलं. काठ थोडा पुढे ओढला, डोळे झाकले, चोच मोकळी. लोकर पंखांवर बसली, पण छातीवर ताणली जात होती, श्वासाबरोबर वरखाली. मागून दोन पाय बाहेर. तिला मांडीवर आडवी ठेवून डाव्या कोपराचा नुसता आडोसा केला. माझे दोन्ही हात मोकळे आणि पळसदरी देवासारखी गप्प.

मावली. बाहीत कोंबडी मावली.

बाही सैल नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवते. पळसदरीच बारीक आहे.

कोमट मीठपाण्यात पाय बुडवला, पुसला, मलम लावलं, पट्टी बांधली. हे सगळं झालं आणि तरी मी तिला सोडेना. का, ते मलाच कळेना. मग लक्षात आलं, मी वाट बघतेय. कोणी ‘हिरवा’ म्हटलं नव्हतं. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही. मी बारीक आवाजात म्हटलं, ‘हिरवा.’ आणि परत मीच, ‘हिरवा.’ मोठं विचित्र वाटलं, भाजीत दोनदा मीठ घातल्यासारखं. पण त्याशिवाय हात सुटेना. मग रोजच दोन्ही बाजू मीच बोलायला लागले. पहिले काही दिवस पुटपुटत, मग जरा मोठ्याने. ‘डावा पाय,’ म्हटलं की डोळे पायाकडे. ‘पिवळा’ म्हणायची सवय लागली तसे डोळे तिच्या छातीकडे जायला लागले. ती पुन्हा कधी जांभळी झाली नाही. म्हणजे तुमच्या त्या आरडाओरड्यात अर्थ होता. हे मी एकदाच म्हणणार आहे, ऐकलंत तर ऐकलंत.

गाठ उतरली. खपली पडली. खाली गुलाबी कातडी आली. आणि रविवारी सुजाता आली, येताना मोठी बॅग रिकामी घेऊन. ती दारात ठेवली तेव्हाच मी बघितली होती.

‘हात लावायचा नाही,’ मी तिला सांगितलं. ‘पायरीवर बस आणि बघ.’

बाही काढली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘आई! तू बाबांचा स्वेटर कापलास? कोंबडीसाठी?’

‘त्यांनीच सुचवलं होतं,’ मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

पळसदरीला बाहीत घातलं. लेक समोर बसली, म्हणून माझा आवाज आपोआप चढला, तुमचा चढायचा तसा. ‘डावा पाय!’ उत्तर माझं मीच दिलं. शेवटची पट्टी सोडली, पाय दाबून बघितला, बोटं उघडून दाखवली. स्वच्छ. सुजाता वाकून बघत होती. तिने बोट पुढे केलं, मग आठवून मागे घेतलं.

पळसदरीला बाहीतून काढून दोन्ही हातांत धरलं आणि ओरडले, ‘हिरवा!’

आणि या खेपेला मला पुढचं बोलवेना. सुजाताला माहीत आहे पुढे काय म्हणायचं असतं, तुमच्या मांडीवर बसून शिकलेली आहे ती. तिनेही तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आम्ही दोघी मायलेकी अशा बघत बसलो आणि मध्ये कोंबडी, तिला काय चाललंय ते कळेना.

‘हिरवा!’

भिंतीपलीकडून आलं. खणखणीत.

‘मावशी?’ सुजाता म्हणाली.

‘आगं सोड की तिला! कवाची धरून बसलीया. एवढी वरसं आयकते मी, पाठ झालंय सम्दं. येकली बोलतीस आन येकलीच परत बोलतीस, रोज आयकू येतंय मला. तुजं मालक काय म्हनायचं? येका मानसाचं काम न्हाई त्ये.’

मी पळसदरीला सोडलं. ती लंगडली नाही. भिंतीवर उडी मारून मावशींच्या परसात गेली आणि तिथे मावशींनी तिला शिव्या दिल्या.

सुजाता रिकामी बॅग परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, ‘रोज सकाळी फोन करणार मी. उचलला नाहीस तर येऊन उचलून नेईन.’ मग गाडीत बसता बसता परत उतरली आणि त्या बाहीचा एक कापलेला तुकडा मागून घेतला. कशाला, विचारलं नाही.

तर वाद मिटला, अहो. धरणं एकटीला जमतं, ते मी करून दाखवलं, मान्य करा. पण परत बोलणारं कोणीतरी लागतं, हे तुमचं खरं. आता खुर्चीत असतात तर केवढं हसला असतात, आणि हात वर करून ती बाही दाखवायला बाहीच उरली नसती.

एक मात्र राहिलंय. तुम्ही स्ट्रेचरवरून बोट दाखवून ओरडलात आणि मी पिनकोड सांगत राहिले. तुमच्या नियमाने मी परत बोलले नाही, म्हणजे तुम्ही अजून तिथेच थांबून असाल, टोपी घालून, हट्टी माणूस. सकाळीच पायरीवर बसून हे लिहितेय. नागनाथ आरवून झालाय. मावशी पलीकडे भांडी घासतायत, त्यांना ऐकू जाईल, जाऊ दे.

हिरवा!